मैनपाटच्या थंडीत हीटर गळतो तेव्हा

मोज्यांविषयी आपल्या धर्मशास्त्रात काहीही सांगून ठेवलेलं नाही, ही मला फार मोठी उणीव वाटते. जेवताना तोंड कुठल्या दिशेला करावं, दात कुठल्या झाडाच्या काडीने घासावेत, प्रवासाला कुठल्या वारी निघू नये, या सगळ्याची तजवीज आहे. पण भर जानेवारीत, डोंगरावर, गाडी चालवणाऱ्या गृहस्थाचा फक्त डावा मोजा ओला झाला तर त्याने काय करावं, याबद्दल सगळे स्मृतिकार गप्प आहेत. दोन्ही ओले असले तर माणूस दवाला दोष देऊन मोकळा होतो. एकच ओला असला की स्वतःविषयीच शंका यायला लागते. मी तो मोजा तीनदा पिळला, दोनदा बॉनेटवर वाळत घातला, एकदा एका तिबेटी आजीबाईंच्या शेगडीपाशी धरून त्यांचा रोष ओढवून घेतला. पायात घालून अर्धा तास गाडी चालवली की तो पुन्हा ओला.

छत्तीसगडातल्या मैनपाटला जायचं ठरलं ते असं. मी मूळचा अमरावतीचा. संस्कृतात एम.ए. केलं, धातुरूपं पाठ केली, आणि मग बँकेत लागून आयुष्यभर व्याजाची रूपं चालवली. रायपुरात येऊन बावीस वर्षं झाली, चौबे कॉलोनीत राहतो. बायको वसुधा वर्ध्याची. ती इथल्या एका शाळेत गणित शिकवते, त्यामुळे आमच्या घरात पुराव्याशिवाय विधान करता येत नाही. गाडी अकरा वर्षांची आहे आणि आमच्या दोघांपेक्षा कमी कुरकुरते.

नोव्हेंबरात एक प्रकार घडला होता. वसुधा तेलीबांध्याला तलावाकाठी मैत्रिणींबरोबर फिरायला गेली होती आणि मी तिला आणायला निघालो. घरापासून तिथपर्यंत हँडब्रेक ओढलेलाच राहिला. गाडी जड चालते आहे असं वाटलं, पण अलीकडे मीही जडच चालतो, म्हणून विशेष वाटलं नाही. वसुधा दहा पावलांवरूनच ओढणी नाकाला लावून आली. काहीतरी जळून राहिलं आहे, तुम्हाले समजून नाही राहिलं काय, असं तिने विचारलं. मी तंद्रीत होतो असं सांगितलं. त्या दिवसापासून घरात ड्रायव्हरचा विषय सुरू झाला. रायपुरात हिंडा, पण गावाबाहेर जायचं तर ड्रायव्हर घ्यायचा आणि आपण मागे बसायचं, असा तिचा प्रस्ताव. मागे बसून मी काय करणार, असं मी विचारलं. स्तोत्रं म्हणा, असं उत्तर आलं.

शेवटी तडजोड झाली. जानेवारीत तिला जोडून सुट्ट्या होत्या. मैनपाटला जायचं आणि यायचं, गाडी मी चालवायची. काही गडबड झाली नाही तर स्टीअरिंग माझं. झाली तर ड्रायव्हर. म्हणजे लोक मैनपाटला हवा खायला जातात, मी परीक्षेला गेलो.

सकाळी सहाला निघालो. रायपूरहून अंबिकापूर सव्वातीनशे किलोमीटरच्या पुढे आहे आणि तिथून मैनपाट आणखी दीड-दोन तास, त्यामुळे लवकर निघणं बरं. बिलासपूरपर्यंतचा रस्ता चौपदरी आणि गुळगुळीत. सिलतऱ्याला लोखंडाच्या कारखान्यांचा धूर धुक्यात मिसळून रस्त्यावर बसला होता. वसुधाने काच वर केली आणि ओढणी नाकाला लावली. मीही खिशातून रुमाल काढून नाकाला लावला.

इथे वाचकांना एक गोष्ट सांगून ठेवतो, जी तोवर मी कोणालाच सांगितली नव्हती. मला सिलतऱ्याचा वास आला नव्हता. मागच्या उन्हाळ्यापासून मला कशाचाच वास येत नव्हता. आधी सर्दी समजून वाफ घेतली, मग सवय झाली. मी वसुधाच्या नाकाकडे बघून जगायला शिकलो. तिने खिडकी उघडली की मी कपाळाला आठी घालायचो. फोडणी पडली आणि तिचा चेहरा खुलला की मी आतूनच म्हणायचो, काय वास सुटला आहे. तेलीबांध्याची माझी तंद्री ही अशी होती. वास येत नाही हे सांगण्यापेक्षा विसराळू म्हणवून घेणं मला परवडत होतं.

बिलासपूर बाहेरून टाळलं. रतनपूरच्या पुढे एका टपरीवर तांदळाचा चीला, म्हणजे आपलं धिरडं, आणि टमाटरची चटणी खाल्ली, दोघांचे चहासकट नव्वद रुपये. चटणी झणझणीत होती एवढं मी खात्रीने सांगू शकतो, तिखट जिभेला कळतं. कटघोऱ्यापासून जंगल लागतं. हत्तींपासून सावध राहण्याच्या पाट्या आहेत. हत्ती दिसला नाही, पण पाटी दिसली की वसुधा मला वेग कमी करायला सांगायची आणि पाटी गेली की वेग का कमी केला म्हणून विचारायची. मध्ये काही ठिकाणी रस्ता कोळशाच्या ट्रकांनी उखडलेला आहे, तिथे घाई करू नये. अंबिकापूरला पोहोचेपर्यंत माझी कंबर गाडीच्या सीटच्या आकाराची झाली होती. तिथे जेवलो आणि मैनपाटचा घाट धरला.

घाटात थंडी अंगावर आली. वसुधाला गारठा सोसत नाही, तिचे खांदे आखडतात. ती म्हणाली, हीटर आहे ना आपल्याकडे. होता. रायपुरात हीटरचा नॉब हा देवघरातल्या शंखासारखा असतो, आहे एवढंच समाधान. अकरा वर्षांत मी तो एकदाही फिरवला नव्हता. निळ्यावरून लालवर नेताना तो करकरला, आणि दोन मिनिटांनी चक्क ऊब आली. मी विजयी मुद्रेने तिच्याकडे पाहिलं.

ती नाक वर करून हुंगत इकडेतिकडे बघत होती. "गुळाच्या पाकासारखा वास येऊन राहिला," ती म्हणाली.

मी सांगितलं, मागे तिळाचे लाडू आहेत.

"लाडवाचा वास लाडवात असते. डॅशबोर्डच्या जाळीतून नाही येत."

मी हुंगल्यासारखं केलं आणि येतोय खरा, असं म्हटलं. मग तिने विचारलं की लाडवाचाच आहे काय, आणि मी लाडवाचाच आहे असं ठासून सांगितलं. नाक नसलेल्या माणसाने इतका आत्मविश्वास दाखवणं बरं नव्हे, पण परीक्षेत कोरा पेपर देण्याची आमच्या घराण्यात पद्धत नाही.

मैनपाटला खोली बाराशे रुपयांत मिळाली. गरम पाणी बादलीने. मैनपाट म्हणजे डोंगरावरचं मोठं पठार आहे. तिबेटी लोकांच्या वस्त्या, रंगीत पताका, मधून शेतं, आणि सकाळी गवतावर पांढरं दव, जे काही ठिकाणी गोठलेलं होतं. आम्ही दोघं ते बोटाने खरवडत बसलो. पन्नाशीतली माणसं रायपुरात असं काही करत नाहीत.

दुसऱ्या दिवशी फिरलो. उलटा पानी नावाची जागा बघावीच. तिथला ओहोळ चढावर वाहतो असं दिसतं. वसुधाने तिथे पाऊण तास घालवला, खाली वाकून, हाताने उतार मोजून, आणि डोळ्यांना फसवणारी जमीन आहे असा निकाल दिला. जलजली नावाच्या जागी जमिनीवर उड्या मारल्या की ती गादीसारखी हलते. आम्ही फार मारल्या नाहीत. दुपारी तिबेटी आजीबाईंकडे थुक्पा, म्हणजे शेवयांचं गरम सूप, खाल्ला, वाटीला ऐंशी रुपये, आणि तिथेच त्यांनी मोज्यावरून मला सुनावलं.

गाडीत मात्र काहीतरी चाललं होतं. हीटर लावला की समोरची काच आतून धूसर व्हायची. थंडीत काच धुकटते हे ठीक आहे, पण ती पुसली की साफ होते. ही पुसली की तेलकट फराटा उठायचा आणि समोरून ऊन आलं की काही दिसायचं नाही. मी आधी चष्मा पुसला, मग काच, मग पुन्हा चष्मा. माझा डावा मोजा ओला व्हायचा आणि वसुधाच्या पायाखालची चटई चिकट झाली होती. मी आदल्या रात्रीचं दव, बुटाला लागलेला चिखल आणि सांडलेला थुक्पा अशी तीन कारणं दिली. बॉनेट उघडून बघितलं तर इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटची बाटली खालच्या रेघेच्याही खाली. मी पिण्याच्या बाटलीतलं पाणी ओतलं.

"काहून कमी झालं?" वसुधाने विचारलं.

थंडीत द्रव आकसतो, मी म्हणालो.

"एवढं नाही आकसत. काही हिशोब असते त्याला." ती बाटलीकडे बघत उभी राहिली आणि मग माझ्याकडे बघत उभी राहिली.

आयुर्वेदात रोग प्रकट होण्याआधीच्या खुणांना पूर्वरूप म्हणतात. वैद्य चांगला असेल तर तो तिथेच रोग पकडतो. आमच्या गाडीने वास, काच, चटई, बाटली अशी चार पूर्वरूपं एकापाठोपाठ दाखवली आणि मी प्रत्येकाला स्पष्टीकरण देऊन घरी पाठवलं. तुमच्या गाडीत यातलं एक जरी दिसलं तर हीटर ताबडतोब बंद करा, काचा उघडा आणि गाडी दाखवा. ती वाफ श्वासाला बरी नसते.

तिसऱ्या दिवशी सकाळी उतरलो. घाट संपून सपाट रस्त्याला लागलो आणि तापमानाचा काटा वर सरकायला लागला. डोळे माझे शाबूत आहेत, काटा मी लगेच पाहिला आणि गाडी झाडाखाली घेऊन बंद केली. एवढं एक काम मी त्या सहलीत वेळेवर केलं. झाकण उघडायला गेलो तर वसुधाने हात धरला. गरम असताना उघडू नये हे मलाही माहीत आहे, पण माहीत असणं आणि त्या क्षणी आठवणं या दोन वेगळ्या विद्या आहेत. पाऊण तास आम्ही लाडू खात बसलो. मग पाणी भरून हळूहळू अंबिकापूरच्या अलीकडे रस्त्याकडेला एक गॅरेज दिसलं तिथपर्यंत आलो.

गॅरेजवाले लकडा भैया साठीला टेकलेले, कानटोपी घातलेले, एकटेच काम करणारे. त्यांना घाई नावाची गोष्ट माहीत नव्हती. मी त्यांना माझा निष्कर्ष सांगितला की रेडिएटर फुटला आहे. त्यांनी मान हलवली आणि माझ्या निष्कर्षाकडे पूर्ण दुर्लक्ष करून कामाला लागले. आधी गाडीखाली पुठ्ठा सरकवला आणि इंजिन चालू ठेवलं. दहा मिनिटांनी पुठ्ठा काढला तर कोरडा. रेडिएटरवरून, पाइपांच्या जोडांवरून कापड फिरवलं, तेही कोरडं. पाणी कमी होतं आणि बाहेर पडत नाही, म्हणजे आत पडतं, असं ते म्हणाले. मग वसुधाच्या बाजूची चटई उचलून त्याखाली हात घातला आणि बोटं एकमेकांवर घासली. एसीचं पाणी असतं तर बोटावर टिकलं नसतं, हे बुळबुळीत आहे. त्यांनी बोटं वसुधापुढे धरली आणि ती म्हणाली, हाच तो गुळाचा वास.

तिथून पुढचं त्यांनी मला लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. इंजिनाचं गरम पाणी दोन नळ्यांनी डॅशबोर्डच्या आतल्या एका छोट्या जाळीत जातं, पंखा त्या जाळीवरून हवा फेकतो, तोच हीटर. ती जाळी आत कुजली आहे. इतकी वर्षं नॉब बंद होता म्हणून पाणी तिकडे जात नव्हतं. तुम्ही परवा तो उघडलात आणि तिने जीव सोडला. थेंब चटईवर, वाफ काचेवर.

मग त्यांनी विचारलं, "महक कब से आ रहा है?"

मी वसुधाकडे पाहिलं. तिने सांगितलं, परसों से, घाट चढ़ते टाइम से. लकडा भैयांनी मान हलवली आणि पुन्हा माझ्याकडे वळून विचारलं, आप तो स्टीअरिंग पे थे, जाली के सामने, आपको? मी म्हणालो, हल्का-सा. वसुधाने एकदा माझ्याकडे बघितलं. तिच्या वर्गातली मुलं त्या बघण्याला काय म्हणत असतील कोण जाणे.

जाळी बदलायची तर अख्खा डॅशबोर्ड खोलावा लागतो, ते काम रायपूरला करा, मी तुम्हाला घरापर्यंत पोहोचवतो, असं ते म्हणाले. त्यांनी हीटरला जाणाऱ्या दोन्ही नळ्या इंजिनाच्या बाजूने काढल्या आणि लोखंडी पाइपाचा एक वीतभर तुकडा मध्ये घालून दोन्ही एकमेकींना जोडल्या, वर क्लिपा आवळल्या. आता पाणी हीटरपर्यंत जाणारच नव्हतं, बाहेरूनच वळून परत. पाऊण तासाचं काम, तीनशे रुपये. वाटेत कधी अडलात तर हा उपाय लक्षात ठेवा. ऊब मिळत नाही, पण घर मिळतं.

परतीचा प्रवास ब्लँकेट गुंडाळून झाला. काच स्वच्छ, काटा जागेवर, मोजा कोरडा. तरी मी इतका दमलो होतो की कटघोऱ्याला चहा घेताना कप दोन्ही हातांनी धरला. वसुधा रतनपूरपर्यंत खिडकीबाहेर बघत बसली. मला वाटलं ती परीक्षेचे मार्क काढते आहे. रतनपूर गेल्यावर तिने एवढंच विचारलं की तुम्ही लाडू म्हणाले तवा तुम्हाले तसं खरंच वाटलं होतं काय. मी हो म्हणालो.

रायपुरात आमची गाडी साहू भैया बघतात. तेलीबांध्याच्या मागच्या अंगाला त्यांचं गॅरेज आहे. त्यांनी डॅशबोर्ड खोलायला घेतला तो दीड दिवस चालला. आपल्या गाडीचा डॅशबोर्ड उघडा पडलेला बघू नये, ओळखीच्या माणसाचं ऑपरेशन बघितल्यासारखं वाटतं. तारांचे झुबके, प्लास्टिकच्या नळ्या, मध्ये हरवलेलं एक दहाचं नाणं आणि माझा जुना चष्म्याचा रुमाल. सगळ्यात आत ती जाळी, शाळेच्या पाटीएवढी. खालच्या कोपऱ्यात हिरवट-पांढरा खरपुडा आणि त्यातून ओघळ आलेला.

शनिवारी दुपारी वसुधाची शाळा सुटल्यावर आम्ही दोघं गॅरेजला गेलो. साहू भैया पाणी काढून बघत होते. कूलंट हिरवं असतं, आमचं चहासारखं निघालं, आणि तळाला गाळ.

"साहब, इसमें क्या-क्या डाले हो?"

आता हे सांगायला हवं. दसऱ्याला आम्ही गाडीची पूजा करतो. हार, हळदकुंकू, चाकाखाली लिंबू, हे सगळे करतात. माझी त्यात एक भर होती. दरवर्षी रायपूरजवळच्या राजीमच्या संगमावरून आणलेलं तांब्याभर पाणी मी सात नद्यांचं आवाहन करून कूलंटच्या बाटलीत घालत असे. पाणी पाण्यात मिसळतं, त्यात काय बिघडणार, असा विचार. अकरा दसरे झाले. शिवाय उन्हाळ्यात बाटली रिकामी दिसली की नळाचं पाणी होतंच, रायपुरात सगळेच ओततात.

मी काही बोलायच्या आत वसुधाने सांगून टाकलं. "राजिम का पानी. हर दसरे को. मंत्र बोल के."

साहू भैयांनी गाळ बोटाने चाळवला. "हव. तभी संगम का रेती निकला." मग मला बरं वाटावं म्हणून म्हणाले की लोक काय काय घालतात, तुम्ही निदान पवित्र घातलंत. नदीच्या आणि नळाच्या पाण्यातला क्षार त्या बारीक नळ्यांत बसतो, मूळचं कूलंट पातळ होतं, गंज धरतो, असं त्यांनी समजावलं. मी संस्कृतचा विद्यार्थी, अभिषेकाने धातू झिजतो हे मला देवळातल्या पितळी मूर्ती बघून कळायला हवं होतं.

ते आत गेले आणि जाळी घेऊन आले, चीर कुठे आहे ती दाखवायला. जाळी ओली होती. मी पुढे वाकलो. लकडा भैयांच्या गॅरेजपासून वसुधाची ती नजर माझ्या मानेवर होती आणि मला ती उतरवायची होती. म्हणून कोणी न विचारता, जाळीला नाक लावून, मी म्हणालो की अजूनही गुळासारखाच वास येतो आहे.

साहू भैया हसले. "मीठा? अभी पेट्रोल से धो के लाया हूँ, साहब." मग त्यांना वाटलं मी गंमत केली, आणि ते आणखी हसले.

वसुधा हसली नाही. तिने जाळी त्यांच्या हातातून घेतली, बाकावर ठेवली आणि साहू भैयांना चहा सांगायला पाठवलं. मग माझ्या शेजारी बसली.

"तुम्हाले वास येत नाही."

मी चष्मा काढून पुसायला लागलो.

"कधीपासून?"

उन्हाळ्यापासून, मी म्हणालो.

ती मनात एकेक महिना मागे जात असावी. महिने मोजताना तिचे ओठ हलतात. तेलीबांधा, सिलतऱ्याचा रुमाल, रोजच्या फोडण्या. मला वाटलं आता बोलणी बसतील, आणि ती बसली असती तर मी सुटलो असतो. ती म्हणाली, "मले काहून नाही सांगितलं?" आणि मग, माझ्याकडे न बघता, "नानांचं असंच होतं ना जी."

नाना म्हणजे माझे वडील. चहा आला, आम्ही तो प्यायलो.

नवी जाळी बसवली. अठ्ठावीसशेची जाळी, साडेतीन हजार मजुरी, आणि कूलंट वेगळं. जुनी सोल्डर करून चालली असती, पण सगळीकडूनच पातळ झालेली होती, साहू भैयांनी नको म्हटलं ते बरोबर होतं. पाणी नितळ येईपर्यंत सगळ्या नळ्या धुतल्या, मग कूलंट भरलं. ते भरल्यावर लगेच झाकण लावून निघायचं नसतं. हीटर पूर्ण लालवर ठेवून, झाकण उघडं ठेवून इंजिन चालवायचं, वरची नळी हाताने दाबत राहायचं, आत अडकलेली हवा बुडबुड्यांनी बाहेर येते. बुडबुडे थांबले आणि पंखा आपोआप सुरू झाला की झालं. साहू भैया नळी दाबत होते आणि आम्ही दोघं गाडीत बसलो होतो, रायपूरच्या भर दुपारी, हीटर लावून. वसुधा मधूनमधून हुंगून सांगत होती. काही नाही. काही नाही. आता काहीच नाही.

घरी येऊन आठवडा झाला. मैनपाटला जाणाऱ्यांसाठी: जानेवारीत जा, जाड कपडे न्या, रस्ता एक दिवसाचा आहे पण दोन दिवसांचा थकवा देतो. निघण्याआधी गाडीचा हीटर गावातच अर्धा तास चालवून बघा. बाटलीत कूलंटच घाला, संगम अंगणातल्या तुळशीला घाला. दिवस कमी असतील तर उलटा पानी मात्र सोडू नका.

स्टीअरिंगचं म्हणाल तर वसुधाने त्याबद्दल काहीच ठरवलेलं नाही. काल बाजारातून येताना तिने किल्ली मागितली आणि स्वतः चालवली. मी शेजारी बसलो. स्तोत्रं म्हटली नाहीत.

मंगळवारी डॉक्टरकडे जाऊन आलो. वास जाण्याची कारणं पुष्कळ असतात आणि त्यातली बहुतेक साधी असतात, असं ते म्हणाले. नाकाची तपासणी करू, मग मेंदूच्या डॉक्टरांनाही दाखवू, घरात कुणाला काही होतं का. मी सांगणार होतो, पण वसुधाने सांगितलं. नानांना कंपवात होता. तो दिसायला लागायच्या चार वर्षं आधीपासून ते आईला म्हणायचे की तुझ्या फोडणीत आता दम राहिला नाही, आणि आई बिचारी हिंग वाढवत राहिली. मग हात थरथरायला लागले. त्यानंतर अकरा वर्षं आईने रोज सकाळी त्यांच्या शर्टाची बटणं लावली.

तपासण्या पुढच्या आठवड्यात आहेत. काही निघणारही नाही कदाचित. पण आज सकाळी बँकेत जाताना मी आरशासमोर उभा राहून बटणं लावली, मुद्दाम हळू, एकेक, हात बघत. वसुधा दारात उभी होती. तिला ती माझी लावावी लागतील, याची मला भीती वाटते.